चाचणीसाठी बाबांचा नंबर

३ मार्च, सोमवार

ही वही मिस्त्रीने दिली. आमच्या ऑफिसात आम्ही पाचच माणसं, त्यात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात, कारण कुठलंही मोडकं सॉफ्टवेअर तो ठोकून-ठाकून उभं करतो. वही टेबलावर टाकून म्हणाला, "डोक्यात असेल ते ह्यात उतरव. नाहीतर ते तू आमच्यावर उतरवतेस."

खोटं नाही. सकाळपासून मी तीनदा खुर्ची बदलली आणि दोनदा भांडले.

मी सल्लागार. म्हणजे नेमकं काय, हे सहा वर्षांत मला कोणालाही एका वाक्यात सांगता आलेलं नाही. ज्यांना सॉफ्टवेअर हवं असतं त्यांच्याकडे जायचं, तिथल्या माणसाशेजारी तीन दिवस खुर्ची टाकून बसायचं, तो काय काय करतो ते लिहून घ्यायचं, आणि ते मिस्त्रीला समजेल अशा भाषेत आणून द्यायचं. मग मिस्त्री बनवतो, मी तपासते, आणि आमचे मालक कॅप्टन गिऱ्हाइकाला हसून दाखवतात. (कॅप्टन जहाजावर कधीच नव्हते. बोटींच्या कंपनीच्या कचेरीत होते. पण टोपी घालतात.)

सध्या माझ्याकडे जनावरांचा दवाखाना, एक वाचनालय आणि कानाच्या यंत्रांचं केंद्र. पहिली दोन चालू होऊन महिना झाला, तिसरं बनतंय. शिवाय कॅप्टननी एका मोठ्या हॉस्पिटलचं काम मला देऊ केलंय. सकाळी लसीच्या तारखा, दुपारी पुस्तकांच्या तारखा, संध्याकाळी कान. एक ना धड, भाराभर चिंध्या. तरी मला हेच आवडतं. एकाच ठिकाणी रोज जायची पाळी आली तर मी पंख्याकडे बघत वेडी होईन.

८ मार्च, शनिवार

बाबांकडे गेले होते. बसने पंचवीस मिनिटं, तरी तीन आठवड्यांनी. लॅपटॉप घेऊनच गेले, कारण कानाच्या केंद्राची चाचणी अर्धवट होती.

बाबा पंच्याहत्तर पूर्ण. आई गेल्यापासून एकटेच राहतात, दुसऱ्या मजल्यावर. घर इतकं आवरलेलं की मला तिथे पर्स ठेवायलाही संकोच वाटतो. जन्मभर वजनमापाचे निरीक्षक होते. दुकानांत न सांगता जायचे, तराजू तपासायचे, निघून यायचे. "सांगून गेलं की सगळ्यांचीच वजनं खरी होतात," असं म्हणायचे.

म्हणाले, "सध्या काय करतेस?"

मी म्हटलं, "तेच हो बाबा, कॉम्प्युटरचं."

"कोणासाठी?"

"आहेत दोन-तीन जण. सांगण्यासारखं काही नाही."

"नसेल," म्हणाले आणि चहा ओतला.

चाचणीसाठी मी केंद्राच्या यादीत एक खोटा रुग्ण घातला. नाव 'चाचणी आजोबा', फोन नंबर बाबांचा. मी सगळीकडे त्यांचाच घालते. मला तोंडपाठ असलेला तो एकच नंबर. पहिल्या वेळी विचारलं होतं, तर म्हणाले होते, "घाल की. मला नाहीतरी कोण फोन करतंय?" त्यांचा फोन वाजला, रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज आला, मी म्हटलं छान, चालतंय.

चाळीस मिनिटांत निघाले. जिन्यात आठवलं की चहा तसाच राहिला.

११ मार्च, मंगळवार

जनावरांच्या दवाखान्यातून रिसेप्शनवरच्या बाईंचा फोन. हसत होत्या. काल सकाळी एक आजोबा आले, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. म्हणाले, दहा-वीसची वेळ आहे, मांजरीची लस. बाई म्हणाल्या, मांजर कुठाय? आजोबा म्हणाले, "ते तुमच्या कॉम्प्युटरला विचारा, त्यानेच बोलावलंय." आणि पाऊण तास बाकावर बसून राहिले. एका मोठ्या कुत्र्याशेजारी.

मीही हसले. कोण असेल बिचारा, म्हटलं.

१२ मार्च, बुधवार

दवाखान्यात जाऊन आले. बाईंनी पडद्यावर नोंद दाखवली. मालक: चाचणी आजोबा. जनावर: चाचणी मांजर. खाली नंबर.

बाबांचा. सॉफ्टवेअर खरंखुरं चालू करायच्या आदल्या दिवशी अशा सगळ्या खोट्या नोंदी काढून टाकायच्या असतात. मिस्त्री त्याला झाडू मारणं म्हणतो. तो झाडू माझ्या हातात होता. मी तो मारलाच नव्हता.

बाई म्हणाल्या, "कोण हो हे?"

आणि मी म्हटलं, "कळत नाही. असतील कोणी विसरभोळे."

असं का म्हणाले? माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. नोंद पुसून टाकली. बाई आणखी सांगत होत्या की त्या आजोबांनी जाताना एक चूक दाखवली, दहा-वीसला तीन जणांना एकच वेळ दिलीये म्हणाले. तपासलं, तर खरंच दिलेली. मिस्त्रीला सांगून दुपारपर्यंत दुरुस्त करून घेतलं.

पण बाबा तिथे गेलेच का? त्यांच्याकडे मांजर नाही, हे त्यांना माहीत नाही? आईला मांजरांचा तिटकारा होता. दिवसभर ह्याच विचाराने कुठे लक्ष लागलं नाही. फोन करावा म्हटलं, मग म्हटलं रविवारी.

१६ मार्च, रविवार

बाबांना फोन केला नाही. त्याआधी दादाचा आला.

दादा दूरच्या शहरात असतो आणि दर रविवारी बाबांना फोन करून उंटावरून शेळ्या हाकतो. आज आवाज वेगळा होता. "अगं, बाबा म्हणतात, सोमवारी मांजरीला लस द्यायची होती, जाऊन आलो. कुठलं मांजर?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुला काही माहितीये?"

इथे मला बोलायचं होतं. खरंच होतं. वाक्य तयार होतं: दादा, तो मेसेज माझ्या सॉफ्टवेअरने पाठवला, माझी चूक. पण दादासमोर 'माझं काम अर्धवट राहिलं' असं म्हणायचं म्हणजे काय, ते ज्याला असा मोठा भाऊ आहे त्यालाच कळेल. गाण्याच्या परीक्षा दोन देऊन सोडल्या, ते तो काढतो. कॉलेजचं शेवटचं वर्ष एकदा राहिलं, ते काढतो. वहिनीच्या देखत म्हणतो, "आमच्या हिच्या कामाची शेवटची दोन पानं नेहमी कोरी."

म्हटलं, "मलाही कळत नाहीये, दादा."

तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. सुरुवात झाली."

झाकली मूठ आहे, राहू दे झाकलेली. एका मांजरीवरून काय होणार आहे?

१८ मार्च, मंगळवार

ऑफिसात असताना बाबांचा फोन. ते दिवसा कधीच करत नाहीत.

"दादाला काय म्हणालीस?"

"कशाबद्दल?"

"त्या मांजरीबद्दल."

"काही नाही, बाबा. मला कुठे काय माहितीये?"

"बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. पूर्वी फोन ठेवताना दहा सूचना असायच्या, पाणी पी, छत्री ने, बसमध्ये पुढच्या दाराशी उभी राहू नकोस. आज नुसतं बरं. तुटक बोलणं हेही वयाचंच लक्षण असतं, असं कुठेतरी वाचलंय.

मग बसून आठवत राहिले की सहा वर्षांत हा नंबर कुठे कुठे घातला. अकरा ठिकाणं निघाली. एक चष्म्याचं दुकान, एक पोहण्याचा तलाव, एक रोपवाटिका. म्हणजे सहा वर्षं त्यांना चष्म्याचे, पोहण्याच्या वेळांचे, गुलाबाच्या कलमांचे मेसेज जात असणार. कधी एका शब्दाने बोलले नाहीत. दवाखान्याची नोंद आधीच पुसली होती, आज आणखी पाच ठिकाणच्या पुसल्या. तीन ठिकाणचं सॉफ्टवेअर आता दुसऱ्याच कोणाकडे आहे. कानाच्या केंद्रातला राहू दिला, तिथे अजून चाचणी चालू आहे. सगळ्यात मोठी यादी वाचनालयाची होती. ती उद्या करू म्हटलं.

२१ मार्च, शुक्रवार

उद्या केली नाही. आणि आज बाबा वाचनालयात.

मला कळलं ते ग्रंथपालांकडून, त्या वैतागल्या होत्या. एक गृहस्थ आले, म्हणाले, मेसेज आलाय, पुस्तक परत करायला नऊ दिवस उशीर. पुस्तकाचं नाव 'अमुक तमुक, भाग दुसरा'. असं पुस्तक नाहीच. (मीच घातलेलं नाव.) पण ते पुस्तकाबद्दल भांडतच नव्हते. म्हणाले, "नऊ कुठून आणलेत? आठ होतात. वाचनालय सोमवारी बंद असतं, तो दिवस वाचकाच्या माथी का?" बाकी वाचकांनी ऐकलं आणि तेही काउंटरवर जमा झाले. आता सगळ्यांचे दिवस पुन्हा मोजायचे आहेत.

म्हणजे नसलेल्या पुस्तकासाठी भांडले. भर वाचनालयात. मला रडूच आलं. माणूस सगळ्या गावाला शिस्त लावणारा, त्याचं हे काय झालं?

सोमवारची चूक खरी होती. दोन ओळींचं काम, मिस्त्रीने चहा प्यायच्या आत केलं. झाडूही मारला एकदाचा.

२३ मार्च, रविवार

दादा सगळं ठरवूनच बोलला. वाचनालयाची गोष्ट बाबांनीच त्याला सांगितली, "पुस्तकाचा घोळ निस्तरून आलो" म्हणून. पाच एप्रिलला तो येणार. बाबांना कायमचं घेऊन जाणार, घर भाड्याने देणार. वहिनीने मागची खोली रिकामी केलीसुद्धा. मात्र आधी डॉक्टरांचं मत हवं, म्हणजे पुढे कोणी बोलायला नको. गुरुवारची वेळ घेतलीये, आणि त्यांना मी न्यायचं.

मी म्हटलं, "बाबांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? ते कुठे जागेवर आहेत?"

वास्तविक मी म्हणायला हवं होतं की आहेत. निदान मांजर आणि पुस्तक त्यांच्या डोक्यातून आलेलं नाही, माझ्या डोक्यातून आलंय. पण मग ते तिथे गेले कशाला, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. जागेवर असलेला माणूस मांजर नसताना मांजरीच्या डॉक्टरकडे जातो का? दादाचं अगदीच खोटं नसावं. असं मी दिवसभर स्वतःला समजावतेय आणि दिवसभर घरातल्या घरात चालतेय. पायाला भिंगरी आहे म्हणतात ती ही.

२४ मार्च, सोमवार

कानाच्या केंद्राचं आज सुरू झालं. आमची शान म्हणजे ह्यात मेसेज नाही, थेट फोन जातो, बाईच्या गोड आवाजात. कॅप्टन म्हणाले, "वाचायचा त्रासच नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

२६ मार्च, बुधवार

आज केंद्रातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कॅप्टनना फोनवर झापलं. एक वयस्कर गृहस्थ येऊन त्यांना एवढंच म्हणाले होते, "ज्याला ऐकू येत नाही, त्याला फोन करून बोलावता होय?"

मिस्त्री टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. पाच शहाणी माणसं, तीन महिने, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी हसले नाही. केंद्रातला तो नंबर मी काढलाच नव्हता.

२७ मार्च, गुरुवार

हे लिहायचं नव्हतं. लिहिते.

बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसमध्ये खिडकीतून बघत राहिले, माझ्याशी एक शब्द नाही.

डॉक्टर चांगले होते, तरुण. आज वार कुठला, तारीख कुठली, शंभरातून सात वजा करत जा. बाबा दोनपर्यंत गेले, वर म्हणाले, "आता ह्याच्या खाली नेऊ का?" घड्याळ काढायला सांगितलं तर काढलं आणि म्हणाले, "मी वेळ बरोबर काढलीये. तुमचं भिंतीवरचं चार मिनिटं मागे आहे." डॉक्टर हसले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मग डॉक्टरांनी दादाचं पत्र बाजूला ठेवून विचारलं, "आजोबा, असं होतं का कधी, की कुठून तरी बोलावणं आलंय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात ते नसतं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहानपणी पाढे म्हणायला उभं करून वाट बघायचे, तसं.

हॉस्पिटलचं काम, कॅप्टन, दादाचं ते हसणं, सगळं एकदम डोळ्यासमोर आलं. मी पर्सची चेन उघडली, लावली.

बाबा डॉक्टरांकडे वळले. म्हणाले, "होतं हो."

डॉक्टरांनी लिहिलं: एकटं ठेवू नये.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "असं का म्हणालात?" तर म्हणाले, "बस आली बघ."

२८ मार्च, शुक्रवार

कॅप्टन आज भलतेच खुशीत. तिन्ही गिऱ्हाइकांकडून त्यांना एकच गोष्ट कळली, कोणी एक म्हातारा येतो, एक चूक दाखवतो आणि जातो. दवाखान्याने आभार मानलेत. वाचनालयानेही, जरा कुरकुरत. कॅप्टन टोपी सरळ करत म्हणाले, "अरे, हा माणूस शोधा! असा तपासनीस आपल्याकडे पाहिजे. आपण स्वतः कधी गिऱ्हाईक होऊन आपल्याच दारात उभे राहिलोय का?"

सगळे हो हो म्हणाले. मी म्हटलं, मला पाणी प्यायचंय.

३१ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री समोर येऊन बसला. डबा उघडला नाही.

"तुझे बाबा वजनमापात होते ना गं?"

"हो. का?"

"न सांगता जायचे म्हणालीस एकदा."

मी डब्याचं झाकण लावलं. तो म्हणाला, "मी नोंदींचा इतिहास बघितला. नंबर पुसणारी तूच. आणि तो म्हातारा फिरतोय तो बरोबर तुझ्याच कामांवर. दवाखान्यात वेळा, वाचनालयात दिवस, केंद्रात फोन. तो चुकून आलेला नाही, बाई. तो तपासायला आलाय."

इतकं उघड होतं. इस्त्रीचा शर्ट, हातातली पिशवी, "कॉम्प्युटरला विचारा", आठ दिवसांचा हट्ट. ते मांजर घेऊन गेले नव्हते, तराजू तपासायला गेले होते. ते विचारायचे आणि मी म्हणायचे, सांगण्यासारखं काही नाही. मग ते स्वतः जाऊन बघत होते, मी काय करते ते. माणसाला वेड लागलं असं मी धरून चालले, कारण दुसरं काही धरलं असतं तर माझी चूक कबूल करावी लागली असती.

"दादाला सांग," मिस्त्री म्हणाला. "आजच्या आज."

"सांगते."

"आणि कॅप्टनना?"

"सांगते म्हटलं ना!"

फोन हातात घेतला. दादाचा नंबर लावला. तो मीटिंगमध्ये होता. मी हुश्श केलं. स्वतःचीच शिसारी आली.

२ एप्रिल, बुधवार

खोकी भरायला बाबांकडे गेले. आज सांगायचं असं ठरवूनच गेले होते, आणि तिथे पोचल्यावर काम काढलं. अठरा खोकी. प्रत्येकावर लेबल, लेबलवर क्रमांक, क्रमांकाची यादी. माझ्या आयुष्यात मी कुठलंही काम इतकं पूर्ण केलेलं नाही.

बाबा एकेक वस्तू देत होते. आईची शाल दिली, घडी करून. पितळी वजनांचा डबा दिला आणि परत मागून घेतला, म्हणाले, "हे हातात नेईन."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला जायचंय का?"

"तुमचं ठरलंय ना?"

"माझं नाही, दादाचं."

"तुझं काय ठरलंय?"

मी चिकटपट्टीचं टोक शोधत राहिले. सापडत नव्हतं. ते पाच मिनिटं उभे राहिले माझ्यासमोर, मग आत गेले. मला वाटलं, आठवडाभर आहेच अजून. नव्हताच. तीन दिवस होते.

५ एप्रिल, शनिवार

दादा सकाळी आला. सामानाची गाडी चारला येणार होती. घर भाड्याने देणारा एजंट बाराला आला, किल्ल्या घ्यायला.

एजंट साधा, गप्पिष्ट माणूस. खोल्या बघता बघता म्हणाला, "घर छान ठेवलंय हो. सोडताय कशाला?"

दादा म्हणाला, "वडिलांना एकटं ठेवता येत नाही आता. भास होतात त्यांना."

बाबा दारातल्या खुर्चीवर होते, वजनांचा डबा मांडीवर. परक्या माणसासमोर ते ऐकलं आणि त्यांनी मान खाली घातली. मी माझ्या वडिलांना मान खाली घातलेलं कधी बघितलं नव्हतं. गावभरचे व्यापारी ज्यांच्यासमोर उभे राहायचे तो माणूस फरशीकडे बघत होता, आणि एजंट "अरेरे" म्हणत त्यांच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघत होता.

"नाही होत भास," मी म्हटलं.

दादा म्हणाला, "तू आता मध्ये—"

"दादा, मेसेज खरे होते. मांजरीचा, पुस्तकाचा, कानाचा फोन. सगळे माझ्या कामातून गेले. चाचणीला बाबांचा नंबर घालते मी, आणि नंतर काढायचा असतो, तो काढलाच नाही. ते माझं काम तपासायला गेले होते. तिन्ही ठिकाणी चुका निघाल्या, तिन्ही खऱ्या."

आवाज माझा असा फाटला की एजंट आपोआप जिन्यात गेला.

मला वाटलं होतं, दादा शेवटची कोरी पानं काढेल. त्याने ते काढलं नाही. हळूच म्हणाला, "म्हणजे मी सोळा तारखेला विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

"बारा तारखेलाच."

"आणि मी डॉक्टरांना पत्र लिहिलं." तो खोक्यावर बसला. "मी त्यांना लिहिलं की वडिलांचं डोकं चाललंय." मग बाबांकडे वळला, "तुम्ही तरी का नाही सांगितलंत?"

बाबा म्हणाले, "तिचं होतं ते सांगणं."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माफ करा म्हणायचं होतं, म्हणालेही असेन. त्यांनी वर बघितलं.

"मला वाटलं होतं पहिल्याच आठवड्यात सांगशील," ते म्हणाले. "मग म्हटलं, डॉक्टरांसमोर सांगेल. नाही सांगितलंस. मग म्हटलं, खोकी भरताना तरी. मी तिथे उभा होतो बघ किती वेळ."

"हो, बाबा."

"वजनात खोट निघाली तर मी दुकानदाराला कधी ओरडलो नाही. खोट कोणाच्याही हातून राहते. पण ती खोट ग्राहकाच्याच माथी मारली, की मला त्याच्या दुकानात परत पाऊल टाकवायचं नाही."

असं म्हणाले आणि उठले. किल्ल्या दादाच्या हातातून काढून घेतल्या, खिळ्याला लावल्या. दादाने गाडीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. तो दुपारच्या ट्रेनने एकटाच परत गेला, जाताना माझ्या डोक्यावर एक टपली मारून. ती रागाची होती की कशाची, कळलं नाही.

मी खोकी उघडायला बसले तर बाबा म्हणाले, "राहू दे. मी करीन."

"अठरा आहेत, बाबा."

"माहितीये. यादी आहे ना तुझी."

मग मी निघाले. ते दारापर्यंत आले. मी पायऱ्या उतरायला लागले आणि मागे दार लागलं. 'पोचलीस की कळव' म्हणाले नाहीत. शाळेच्या सहलीपासून आजवर मी ह्या जिन्यावरून त्याशिवाय उतरलेली नाही.

बसमधूनच कॅप्टनना लिहिलं, ते आजोबा माझे वडील आहेत, खोट्या नोंदी मी विसरले आणि नंतर लपवल्या. त्यांचं उत्तर आलं: सोमवारी भेट. हॉस्पिटलचं काम बहुधा जाईल. त्याचं आज काही वाटत नाही, सोमवारी वाटेल.

घरी आले. साडेसहा वाजलेत. कोणी मागितलं नव्हतं तरी बाबांना मेसेज केला, "पोचले."

त्यांनी तो लगेच वाचला, तसं फोनवर दिसतंय. उत्तर अजून नाही. आल्यापासून मी खुर्चीतून उठलेले नाही.